लोहाच्या गोळ्यांनी मलेरिया होतो? खुलासा

"पावसाळ्यात लोहाच्या गोळ्या बंद करा, त्यांनी मलेरिया होतो" असा संदेश पेडणे-डिचोलीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. तो खोटा आहे. मलेरिया ॲनोफिलीस डासाच्या मादीच्या चाव्यातून होतो, गोळीतून नाही. गरोदर बाईने हे वाचून गोळ्या सोडल्या तर नुकसान तिचं आणि बाळाचं, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

अफवेमागे एक खरा धागा मात्र आहे. मलेरियाच्या परजीवीला वाढायला लोह लागतं. तो रक्तात वाढू लागला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. ते आतड्यातून लोह रक्तात येऊ देत नाही आणि साठ्यातलं लोह मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशींतच अडकवतं. २०११ साली लिस्बनच्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की त्यामुळे यकृताच्या पेशींत लोह कमी पडतं आणि मागाहून शिरलेले परजीवी तिथे नीट वाढत नाहीत. शरीराची ही नाकेबंदी खरोखर थक्क करणारी आहे.

भीतीचं मूळ बहुधा टांझानियातल्या पेंबा बेटावर असावं. तिथे मलेरिया फार दाट. लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड दिल्यावर गंभीर आजार वाढल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या आढाव्यांत, जिथे मलेरियाचा प्रतिबंध आणि उपचार मिळतात तिथे असा वाढीव धोका दिसला नाही. गोव्यात आरोग्य केंद्रात रक्ततपासणी आणि औषध दोन्ही मिळतं.

ताप आला तर लगेच रक्त तपासून घ्या. मलेरिया निघालाच, तर गोळ्यांचं काय ते डॉक्टरांना विचारा.