एक तारखेचे टोमणे, पाच तारखेचे हार

सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी शिक्षक पात्रता परीक्षेविषयी निकाल दिला आणि त्या संध्याकाळी साताऱ्याच्या आमच्या भावंडांच्या ग्रुपवर आनंदाला भरते आले. पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावे, अन्यथा नोकरी सोडावी, असा त्या निकालाचा ढोबळ अर्थ. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली आहे ते नोकरीत राहू शकतात, पण पदोन्नती हवी असल्यास त्यांनाही ही परीक्षा चुकत नाही. "पोरांना नापास करणाऱ्यांची आता पाळी," असे थोरल्या चुलत भावाने लिहिले. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, कोणी शिक्षकांच्या पगाराचा आकडा टाकला, कोणी मे महिन्याच्या सुट्टीचा हिशेब मांडला. पुढे चार दिवसांनी, 5 सप्टेंबरच्या पहाटे, त्याच मंडळींनी त्याच ग्रुपवर राधाकृष्णन यांचे हार घातलेले छायाचित्र पाठवले आणि 'आम्हाला घडवणाऱ्या सर्व गुरुजनांना' साष्टांग दंडवत घातले. या दोन संदेशांत काही विसंगती आहे असे त्यांच्यापैकी एकालाही वाटले नाही, आणि मी तसे लिहिले तेव्हा "तू तिकडे बसून बोलू नकोस" एवढेच उत्तर आले.

तिकडे म्हणजे इंग्लंडातल्या रेडिंगला. इथे बसूनच मी हे लिहिते आहे, कारण गेले काही महिने हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी ज्यांच्यावर हे हसू चालले होते त्यांच्याविषयी सांगते, कारण ग्रुपवर त्याही आहेत आणि त्या दिवशी एक अक्षर बोलल्या नाहीत. माझ्या धाकट्या चुलत भावाच्या पत्नी, आमच्या वहिनी, जावळी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. वय सेहेचाळीस. सकाळी दोन मुलांचे डबे, सासूबाईंची औषधे आणि स्वतःचा डबा आटोपून त्या शाहूपुरीतून स्कूटरने निघतात, कण्हेर धरणाच्या कडेने मेढ्याला जातात आणि तिथून पुढे चढाच्या रस्त्याने शाळेत पोहोचतात. पावसाळ्यात रेनकोटाच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत हजेरीपट असतो. पहिली आणि दुसरी एका खोलीत, तिसरी आणि चौथी दुसऱ्या खोलीत. त्यात पोषण आहाराच्या तांदळाची नोंद, ऑनलाइन माहिती भरणे आणि बीएलओ म्हणून मतदार याद्यांचे काम. शिक्षण हक्क कायद्याचे 27 वे कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हणते, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना त्याच कलमात वाट करून दिलेली आहे, आणि आपल्याकडे निवडणुका किती असतात हे मी सांगायला नको. निकाल लागला त्या दिवशी गौरीपूजन होते. सोळा भाज्या आणि पुरणपोळ्या उरकून वहिनींनी मोबाईल पाहिला तो थेट हे विनोद वाचायला. आता त्या रात्री दहानंतर बालमानसशास्त्राचे गाईड घेऊन बसतात. पेपर दीडशे गुणांचा, वेळ दीडशे मिनिटांची, उत्तीर्ण होण्यासाठी साठ टक्के.

शिक्षकाची पात्रता तपासू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझ्या मुलीला वाचायला कोण शिकवतो हे मला इथेही कळलेच पाहिजे. पण वीस-बावीस वर्षे ज्यांच्याकडून काम करून घेतले, त्यांना अध्यापनाच्या सेवेच्या उत्तरार्धात नव्या उमेदवाराच्या रांगेत उभे करायचे, आणि तेही अशा परीक्षेच्या, जिच्या 2019-20 च्या फेरीत पैसे देऊन उत्तीर्ण झाल्याबद्दल सात हजारांहून अधिक उमेदवारांवर 2022 मध्ये कारवाई करावी लागली, यात हसण्यासारखे काय आहे ते मला समजत नाही. इंग्लंडने तर शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी असलेली गणित आणि इंग्रजीची सक्तीची चाचणी 2020 मध्ये मोडीतच काढली. (इथे शिक्षक मिळत नाहीत म्हणून काढली, असे माझा नवरा म्हणतो. त्याचे म्हणणे मी ग्रुपवर लिहिले नाही.)

तपासणीचे ओझे काय असते हे आमच्या रेडिंगला कोणी शिकवायला नको. इथल्याच कॅव्हरशॅममधल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी 2023 च्या जानेवारीत आत्महत्या केली. ऑफस्टेड या सरकारी शाळा-तपासणी संस्थेच्या तपासणीत त्यांच्या शाळेला सगळ्यात खालचा शेरा मिळणार होता, आणि त्यांच्या मृत्यूला त्या तपासणीचा हातभार लागला असे त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये न्यायचौकशीत नोंदवले गेले. अख्ख्या शाळेला एका शब्दात तोलायची ती पद्धत पुढे सप्टेंबर 2024 मध्ये बंद झाली. त्या हिवाळ्यात शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांचे चेहरे मी पाहिले आहेत. तिथे कोणी पगाराचा आकडा काढला नाही. आमच्या ग्रुपवरच्या चेष्टेने मला इतका राग का येतो, याचे निम्मे कारण त्या चेहऱ्यांत आहे.

"तुमचं बरंय, तिकडे सगळं शाळाच बघते," हे दुसरे ठरलेले वाक्य. बघते ना. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन मुलांच्या प्रत्येक मोज्यापासून कार्डिगनपर्यंत नावाच्या चिठ्ठ्या डकवायच्या, पीईचे, म्हणजे खेळाच्या तासाचे, वार लक्षात ठेवायचे, पावणेआठला ब्रेकफास्ट क्लबला सोडायचे, आठ तेराची गाडी पकडायची, आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला आफ्टर-स्कूल क्लबच्या दारात हजर व्हायचे, कारण सहा वाजून पाच मिनिटांचे वेगळे पैसे पडतात. नवऱ्याच्या शिफ्टा असल्या की हे सगळे माझ्या एकटीवर येते. घरी आजी नाही, पोळ्यांना बाई नाही, दाराशी हॉर्न वाजवणारे रिक्षावाले काका नाहीत. अनंत चतुर्दशीपर्यंत या म्हणून दरवर्षी आग्रह होतो, पण शाळेचे पाच दिवस विनापरवाना बुडवले तर प्रत्येक पालकामागे आणि प्रत्येक मुलामागे 80 पौंड दंड आहे, आणि तोही एकवीस दिवसांत भरला तर. चार माणसांच्या घराला हा आकडा किती होतो ते ज्याचे त्याने मांडावे. मला या नियमाचा राग येतो हे खरे, आणि त्याचा थोडा अभिमानही वाटतो हेही खरे: शाळा म्हणजे शाळा, तिथे आत्याचे लग्न चालत नाही.

याउलट फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला तेव्हाचा गोंधळ आठवावा. लहान मुलांची झोप पुरी व्हावी एवढाच त्यामागचा हेतू होता. आमच्या ग्रुपवर मात्र, मुले नऊला गेली तर ऑफिसला कधी जायचे, व्हॅनवाला दोन फेऱ्या करायला तयार नाही, दुपारच्या सत्राचे काय, असा आकांत झाला आणि या सगळ्याचे खापर पुन्हा शिक्षकांवरच फुटले, कारण 'त्यांनाच सकाळी उठायला नको'. अडचणी खोट्या नव्हत्या. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांना खोल्या कुठून आणायच्या हा प्रश्न खरोखरच अवघड आहे. पण आपल्या घरच्या वेळापत्रकाची घडी बसवण्याचे काम शिक्षकांचे आहे, हे कधी आणि कोणी ठरवले?

आता आमच्या बाईंविषयी. त्यांचे नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्या आम्हाला भूगोल शिकवायच्या. आठवीत असताना एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हा मुलींना अजिंक्यताऱ्यावर नेले, सोबत सर्वेक्षण खात्याचा नकाशा, त्याच्या घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या. मंगळाई देवीच्या देवळापाशी दम खाऊन झाल्यावर त्यांनी तो नकाशा खडकावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि आमच्यापैकी प्रत्येकीला आपले घर शोधायला लावले, आधी नकाशात आणि मग खाली. नकाशातल्या तपकिरी रेषा दाट होतात तिथे प्रत्यक्षात कडा असतो, हे मला यवतेश्वरकडे पाहताना कळले. मग त्यांनी पश्चिमेकडे बोट दाखवले आणि विचारले की महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्याच जिल्ह्यात माणला जेमतेम पाचशे, हे असे का. माणकडची एक मुलगी आमच्या वर्गात होती, बोर्डिंगात राहायची. तिने "कारण आमच्याकडं देव नाही" असे सांगितले आणि आम्ही सगळ्या हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या तिच्या शेजारी बसल्या, ओंजळीने डोंगर करून दाखवला, वारा कुठून येतो, कुठे चढतो, कुठे रिता होतो ते सावकाश सांगितले, आणि शेवटी म्हणाल्या, "तुझ्या गावाचा काही दोष नाही." ती मुलगी आज कृषी खात्यात आहे.

मी पुराचे अंदाज बांधण्याचे काम करते. टेम्स आणि केनेट यांचा संगम माझ्या कार्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि नदीची पातळी वाढायला लागली की माझ्या तोंडून अजूनही आधी कृष्णा आणि वेण्णा निघते, माहुलीच्या संगमासकट. हे काम मला कोणी शिकवले असे इथे विचारले तर मी विद्यापीठाचे नाव सांगते. ते अर्धेच खरे आहे.

ग्रुपवर म्हणतात, तशा बाई आता राहिल्या नाहीत. माझे म्हणणे असे की तशा बाईंना शनिवारी मुली घेऊन किल्ल्यावर जायला सवड होती. त्यांच्या हातात मतदार याद्या नव्हत्या, दर तासाला फोटो काढून वर पाठवायचे नव्हते. आज वहिनींनी चाळीस मुलांना डोंगरावर न्यायचे म्हटले तर संमतिपत्रांपासून सुरुवात होईल, आणि एखाद्याचा पाय मुरगळला तर आमचा थोरला भाऊच ती बातमी सर्वात आधी फिरवील. शासनाने आदर वाढवण्याचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. 2022 मध्ये वर्गात शिक्षकांची छायाचित्रे लावण्याची 'आपले गुरुजी' ही टूम निघाली. मार्च 2024 मध्ये शिक्षकांच्या पेहरावाचे नियम आले आणि डॉक्टरांप्रमाणे नावाआधी 'टि' (टीचर) लावायला सांगितले गेले. वहिनींना मी विचारले, नावाआधी टि लागल्यावर काय फरक पडला. त्या म्हणाल्या, "ताई, टि नको, एक शिपाई द्या."

हे सगळे साताऱ्यात घडते याचे मला अधिक वाईट वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली इथेच बोर्डिंग काढले, सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसवली, आणि त्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. इथल्याच शाळेच्या पटावर 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. आमच्या घरातल्या मागच्या पिढीतले तिघे कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत शिकले म्हणून शेतातून नोकरीत आले, आणि त्यांचीच मुले आज मास्तरांच्या सुट्ट्या मोजतात.

माझ्या मुलांचे इथले शिक्षक चांगले आहेत, अगदी मनापासून चांगले. पेरेंट्स ईव्हिनिंगला दहा मिनिटे मिळतात आणि त्या दहा मिनिटांत ते माझ्या मुलाविषयी असे काही सांगतात की मलाच तो नव्याने कळतो. जुलैत वर्गणी काढून आम्ही त्यांना भेटकार्ड देतो, मुले स्वतः चित्र काढून देतात. पण दरवर्षी शिक्षक बदलतात, आणि मुलाच्या सध्याच्या बाई रेडिंगमध्ये घर परवडत नाही म्हणून बेसिंगस्टोकहून येतात. शनिवारी बाजारात त्या भेटत नाहीत. भेटल्या तरी माझ्याशी काय बोलतील? माझ्याविषयी त्यांच्यापाशी एक दूरध्वनी क्रमांक आहे आणि तातडीच्या वेळी मुलाला न्यायला येणाऱ्या व्यक्तीचे नाव आहे. साताऱ्याला गेले की राजपथावर बाई हमखास भेटतात, भर रस्त्यात थांबवतात, माझ्या मुलांसमोर मला "काय गं, अक्षर सुधारलं का?" म्हणून विचारतात, आणि मुलांना विलक्षण आनंद होतो. मला लहानपणापासून ओळखणारी आणि अजून मला रागवू शकणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. त्यातली बहुतेक शिक्षक आहेत. त्यांच्या बाजूने मी भांडते तेव्हा त्यात माझा स्वार्थ आहे, हे मला कबूल आहे. त्यांची किंमत गेली तर त्या गावात मला नावाने हाक मारणारे कोण राहील?

यातले बरेचसे मी ग्रुपवर लिहिले. दोन अंगठे आले, दोन्ही आत्यांचे. थोरल्या भावाने दुसऱ्या दिवशी लिहिले, "एवढं वाटतंय तर परत ये आणि लाव पोरं वहिनीच्या शाळेत." मी चिडून उत्तर लिहायला घेतले आणि थांबले, कारण बोलणे लागले होते. माझी मुले रेडिंगला. त्याची साताऱ्यात इंग्रजी माध्यमात. इतर भावंडांची पुण्यात, तीही इंग्रजी माध्यमातच. वहिनींची स्वतःची दोन्ही मुलेही शाहूपुरीतून पिवळ्या व्हॅनने इंग्रजी शाळेत जातात, कारण त्या जावळीत असताना त्यांना दुपारी घरी आणायला दुसरे कोणी नाही. ज्या शाळांवर आम्ही गेले काही महिने वाद घालतो आहोत, त्यांतल्या एकाही वर्गात आमच्या घरातले मूल बसत नाही. आणि ज्या शाळांत आमची मुले बसतात, तिथल्या शिक्षकांची टीईटी झाली आहे का, त्यांना महिन्याला किती पगार मिळतो, हे आमच्या ग्रुपवर अजून कोणी विचारलेले नाही.