जड पाण्यात पावडर वाढवून उपयोग होत नाही

‘पांढरे कपडे मळकट दिसू लागले तर धुण्याची पावडर वाढवावी’ हे लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. ठाण्यात घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकरचे आणि बोअरचे पाणी मिसळून येते. हे पाणी जड असते, म्हणजेच त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. अशा पाण्यात साबणाला फेस येण्याऐवजी त्याचा चिकट साका तयार होतो आणि तोच कापडाच्या धाग्यांत बसून पांढऱ्याला राखाडी छटा आणतो. पावडरचाही बराचसा जोर या क्षारांशी झगडण्यातच जातो. मीही दोन उन्हाळे मापामागून माप पावडर ओतत राहिले, तरी मुलाच्या शाळेच्या शर्टाची कॉलर उजळली नाही आणि टॉवेल वाळल्यावर पापडासारखे कडक होऊ लागले.

फरक पडला तो धुण्याचा सोडा वापरल्यावर. अर्धी बादली कोमट पाण्यात दोन चमचे सोडा पूर्ण विरघळवून मी पांढरे सुती कपडे अर्धा तास भिजवते, मग बेताची पावडर घालून धुते आणि एकदा जास्त खळबळून काढते. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र हा सोडा कदापि लावू नये, कारण त्याने ते धागे कमजोर होतात. शिवाय ज्या दिवशी नळाला महापालिकेचे पाणी पुरेसे येते, तो दिवस मी पांढऱ्या कपड्यांसाठीच राखून ठेवते.