‘पार्टली’ नक्की कुणाला चिकटते?

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा राग आला, दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसावे लागले. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे म्हणणे आधी थोडक्यात सांगतो. ‘ही इज पार्टली अ पोएट, पार्टली अ फार्मर’ या वाक्यात दोन्ही ‘पार्टली’ पुढच्या नामपदबंधांना (नाम आणि त्याच्यासोबतचे शब्द, जसे ‘अ पोएट’) लागतात, असे मी गेल्या लेखात लिहिले होते. तुम्ही म्हणता, क्रियाविशेषण नामाला लागूच शकत नाही, ते ‘इज’ला लागते. आणि ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ ही उभयान्वयी अव्ययांची जोडी आहे, तिला क्रियाविशेषणांत बसवणे म्हणजे अडाणीपणा. (शब्द तुमचाच.)

क्रियाविशेषण क्रियापदाबद्दल, विशेषणाबद्दल किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल अधिक माहिती देते, ही व्याख्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणातून मीही घोकली आहे. शाळेपुरती ती चालते. पण मराठीत या शब्दजातीचे नावच असे पडले आहे की क्रियेशिवाय तिला दुसरे घर असेल असे मनातच येत नाही.

आता ‘इज’ बाजूला ठेवू, कारण ते क्रियापद फसवे आहे. ‘ही इज ऑफन अ न्यूसन्स’ हे वाक्य चालते आणि त्यात ‘ऑफन’ नामाला लागत नाही, हे तुमचे बरोबर. नुसत्या ‘इज’वरून निकाल लागत नाही. म्हणून ‘इज’च्या जागी ‘बिकेम’ घालून बघा. ‘ही बिकेम पार्टली अ पोएट, पार्टली अ फार्मर’ हे सहज बसते. ‘ही बिकेम ऑफन अ न्यूसन्स’ मात्र कानाला खटकते.

याहून मोठा पुरावा कर्माच्या जागेवर मिळतो. क्रियापद आणि त्याचे छोटे, साधे कर्म यांच्या मध्ये इंग्रजी सहसा क्रियाविशेषणाला शिरू देत नाही. ‘शी ईट्स क्विकली राइस’ असे वाक्य वहीत दिसले तर तुम्ही लाल रेघ ओढाल, मीही ओढेन. मग ‘शी ईट्स मोस्टली राइस’ कसे चालते? ‘शी ईट्स पार्टली राइस, पार्टली मिलेट’ कसे चालते? जागा तर तीच आहे. माझ्या मते याचे उत्तर एकच: ‘क्विकली’ क्रियापदाचे आहे आणि कर्माची वाट अडवून उभे आहे. ‘मोस्टली’ त्या दोघांच्या मध्ये शिरलेलेच नाही, ते कर्माच्या आत, ‘राइस’च्या घरातच बसले आहे. ‘क्विकली’ कर्म आणि क्रियापद तोडते, ‘मोस्टली’ कर्माचाच भाग आहे.

अजून शंका असेल तर शब्दयोगी अव्ययानंतरची जागा बघा: ‘शी रिटर्न्ड विथ नॉट ओन्ली द रिपोर्ट बट ऑल्सो द बिल’. ‘विथ’च्या पुढे क्रियापदाचा मागमूस नाही. तिथे ‘नॉट ओन्ली’ रिपोर्टला नाही तर कुणाला लागणार?

जोडीच्या जातीबद्दल तुम्ही निम्मे बरोबर आहात. ‘बट’ हे उभयान्वयी, वाद नाही. पण ‘ओन्ली’ आणि ‘ऑल्सो’ एकेकटे भेटले की तुम्हीही त्यांना क्रियाविशेषणच म्हणता. जोडीत आल्यावर त्यांची जात का बदलावी? जोडीचे काम जोडण्याचे आहे, घटक मात्र वेगवेगळे आहेत. मी सरसकट ‘क्रियाविशेषणांची जोडी’ लिहिले, ते ढिसाळ होते. लेखात दुरुस्ती केली आहे.

हे सगळे माझ्या मनाचे नाही. हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 सालच्या केंब्रिज व्याकरणात ‘ओन्ली’, ‘ईव्हन’ असे शब्द नामपदबंधाचाच भाग होऊन त्याच्या कडेला बसतात, हे सविस्तर मांडले आहे.

आणि सर, आपल्याला हे परके वाटण्याचे कारणच नाही. ‘ती मराठीच नव्हे तर कन्नडही बोलते.’ यातले ‘च’ आणि ‘ही’ कुणाला चिकटले? आपल्या शालेय व्याकरणात त्यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतात आणि ती नामाला लागतात हे सातवीतले पोरही सांगते. तोच ‘च’ उचलून क्रियापदाला लावा, ‘ती मराठी बोलतेच’, की अर्थ पालटला. मराठीत चिकटवायची सोय आहे, इंग्रजीला ते काम जागेवर भागवावे लागते. म्हणून तर इंग्रजीत जोडीची जागा जपायची.

तुमचा तिसरा आक्षेप मात्र मला पुरता मान्य आहे. ‘ही नॉट ओन्ली लॉस्ट हिज बॅग बट ऑल्सो हिज पासपोर्ट’ हे वाक्य मी ‘चूक’ ठरवले होते, ते चूक नाही असे तुम्ही म्हणता. जोडीचा पहिला भाग क्रियापदाआधी, दुसरा नामाआधी, म्हणून तोल जातो, हे खरे. ‘ही लॉस्ट नॉट ओन्ली हिज बॅग बट ऑल्सो हिज पासपोर्ट’ हे अधिक नेटके, आणि विद्यार्थ्याला मी अजूनही हेच लिहायला सांगेन. पण पहिले वाक्य जन्मापासून इंग्रजी बोलणारे लोक सर्रास बोलतात, छापतातही, आणि त्याचा अर्थ कुणाला चुकत नाही. तिथे ‘चूक’ खोडून ‘ढिले’ असे लिहिले आहे.

‘पार्टली’ मात्र आहे तिथेच ठेवतो. ‘शी ईट्स क्विकली राइस’ बरोबर ठरवणारा नियम तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा, मी पुन्हा कागद-पेन घेऊन बसेन.