जिमी, भावोजी आणि अर्थिंग

जुना सिनेमा पुन्हा बघायचा असेल तर एकटीनं बघावा, दाराला कडी लावून. सोबतीला वीज खात्यातून निवृत्त झालेले भावोजी आणि इंजिनिअरिंगला असलेली भाची असेल, तर काहीही लावावं, 'डिस्को डान्सर' लावू नये.

१९८२ चा सिनेमा. मी तो पाहिला वाड्याच्या अंगणात, भाड्यानं आणलेल्या व्हिडिओवर. घरटी वर्गणी, सतरंज्या, आणि पहाटेपर्यंत ओळीनं पिक्चर. बाकीचे कुठले होते ते आज कुणी सांगू शकणार नाही. पण मिथुननं कंबर हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून वाड्यातल्या पोरांनी सरळ चालणंच सोडलं. दूध आणायला निघालेला मुलगासुद्धा गुडघ्यातून लचकत जायचा आणि किटलीतलं निम्मं दूध जिन्यावर सांडायचा. इंग्रजीच्या बाईंनी घोकून घेतलेली स्पेलिंगं पार विसरले, डिस्कोचं मात्र अजून पाठ आहे. डी म्हणजे डान्स, आय म्हणजे आयटम, एस सिंगर, सी कोरस, ओ ऑर्केस्ट्रा.

तर दिवाळीत ताईकडे गेले होते. फराळ झाला होता, भिंतभर टीव्ही रिकामा होता. "आमच्या वेळचं म्युझिक बघ जरा," असं मी भाचीला ऐटीत म्हणाले. ऐट पहिल्या गाण्यापर्यंत टिकली.

"मावशी, याच्या गिटारची वायर कुठंय?"

वायर? एवढी वर्षं त्या माणसाचे पाय बघितले, चमचमणारे कपडे बघितले, मागचे दिवे बघितले. वायर बघायचं कधी सुचलंच नाही. तेवढ्यात मॅनेजरच्या भूमिकेत ओम पुरी अवतरला. "हा इथे काय करतोय?" भाची किंचाळली. "नोकरी," ताई आतून म्हणाली.

गोष्ट सांगायलाच हवी. लहानपणी गिटारचोरीचा आळ येतो, त्यात आई तुरुंगात जाते. पोरगा मोठा होऊन डिस्कोचा बादशहा जिमी होतो आणि ज्या ओबेरॉयनं आळ घेतला त्याच्याच मुलीच्या प्रेमात पडतो. हे लिहिलंय राही मासूम रझांनी, ज्यांनी पुढे दूरदर्शनच्या 'महाभारता'चे संवाद लिहिले. म्हणजे सूड, अपमान आणि आईची आण यांचा सराव आधीपासून चालू होता म्हणायचा.

मग तो प्रसंग आला. खलनायक गिटारमध्ये वीज सोडतो, आणि मुलाला वाचवताना आईच जाते. वाड्यात इथं सगळ्या बायकांनी पदर डोळ्याला लावले होते. इथं काय झालं, तर आरामखुर्चीत घोरणारे भावोजी ताडकन उठून बसले.

"थांबव. मागे घे."

मागे घेतलं.

"अर्थिंग नाही. फ्यूज उडालेला नाही. एवढी माणसं उभी आहेत, एकालाही मेन स्विच बंद करावासा वाटत नाही? निदान कोरड्या लाकडी काठीनं तरी ढकलायचं. अगं, घरातले २३० व्होल्टसुद्धा माणसाला पुरतात!"

"अहो, तिचा जीव गेलाय!" ताई कळवळली.

"म्हणूनच म्हणतोय."

पुढे जिमीला गिटारची दहशत बसते. वाद्य दिसलं की घाम फुटतो. भाची खोकल्याचं नाटक करून हसत होती. भावोजी गंभीर. "यात हसण्यासारखं काही नाही. शॉक बसलेल्या वायरमनला कितीतरी दिवस पक्कड हातात धरवत नाही. एवढं एक खरं दाखवलंय." अख्ख्या सिनेमात वास्तववाद सापडला तो तिथं, आणि तोही आमच्या भावोजींना.

शेवटी स्पर्धेच्या स्टेजवर जिमी दगडासारखा उभा आणि नायिका त्याला हाका मारतेय, 'जिमी जिमी, आजा आजा'. आवाज पार्वती खानचा. भाचीचे प्रश्न बंद झाले. तिच्या पायाचा अंगठा हलत होता, मी बघितलं. मग फोन काढून तिनं शोध लावला की ही चाल ओटावान नावाच्या फ्रेंच जोडीच्या गाण्यावरून उचललीय, आणि 'कोई यहाँ नाचे नाचे'चं मूळ १९७९ च्या एका ब्रिटिश गाण्यात आहे. असेल बापडं. मी दोन्ही ऐकली. गोड आहेत, पण त्यांत कुणाची आई गेलेली नाही. संगीतकार बप्पी लाहिरींना, म्हणजे आपल्या बप्पीदांना, हे कळत होतं. त्याच १९७९ साली शिकागोच्या बेसबॉल मैदानावर लोकांनी डिस्कोच्या तबकड्या स्फोटानं उडवल्या, आणि आपल्याकडे तीन वर्षांनी त्याच डिस्कोत आई, तुरुंग आणि सूड घालून ताजा माल निघाला. सोव्हिएत युनियनमध्ये या सिनेमाची सहा कोटींच्या घरात तिकिटं खपली म्हणतात. तिथं कुणी अर्थिंग विचारलं नसणार.

सिनेमा संपला, पण गाणी काही जाईनात. रक्तदाबाची गोळी घेतली का ते आठवत नाही, मोबाईलवर आलेला आकडा टाकेपर्यंत विसरते, आणि 'औवा औवा' मात्र भांडी घासताना सुराबिरासकट बाहेर पडतं. भाजीवाल्यानं सुटे मागितले तर मी ठेक्यात मान डोलावली. यावर उपाय म्हणून रामरक्षा म्हणायला बसले, तीही डिस्कोच्या ठेक्यात निघाली.

त्यातच ओळखीच्या एका घरी भेटायला जायचं होतं. काका गेले होते. फोटोला हार, उदबत्ती, सगळे खाली मान घालून बसलेले. मी ओठ घट्ट मिटून कोपऱ्यात बसले. शेजारी भाची. पंखा एका लयीत कुरकुरत होता, तेवढंच निमित्त झालं. माझ्या तोंडून हलकेच, अगदी बप्पीदांच्या हेलात, निघून गेलं, "याद आ रहा है..."

खोली गप्प. काकूंनी मान वर केली, माझा हात हातात घेतला आणि डोळ्याला पदर लावला.

"अगदी हेच गं," म्हणाल्या. "दिवसभर हेच."

भाची चप्पल शोधायला म्हणून बाहेर पळाली, ती बराच वेळ आत आली नाही.