ऑडीला फुल फॉर्म नाहीये

गाड्यांच्या नावांचे फुल फॉर्म असा एक मेसेज सारखा फिरत असतो, त्यात ऑडी म्हणजे 'ऑटो युनियन डॉइचलांड इंगोलश्टाट' असं ठोकून दिलंय. माझ्या भाच्याने शाळेच्या क्विझसाठी तेच पाठ केलंय, म्हणून लिहितोय.

नुसत्या तारखा बघा. ऑडी हे नाव १९१० चं, जर्मनीतल्या झ्विकाऊ गावचं. ऑटो युनियन ही कंपनी जन्माला आली १९३२ ला आणि इंगोलश्टाट या जर्मन शहरात तिचं बस्तान बसलं थेट महायुद्धानंतर, १९४९ मध्ये. पोर जन्मायच्या आधी त्याचं आडनाव लावून कोण फिरेल?

मग नाव आलं कुठून? तर आउगुस्ट होर्श नावाचा इंजिनिअर होता, त्याने १८९९ ला स्वतःच्या नावाने कंपनी काढली, पुढे संचालकांशी बिनसलं आणि १९०९ ला बाहेर पडून याने दुसरी काढली, तीही होर्श नावानेच, झालं, जुन्या कंपनीने केस केली आणि हा हरला. स्वतःचंच आडनाव वापरायची चोरी! मग भागीदाराच्या घरी नवीन नावासाठी बैठक बसली, तिथे भागीदाराचा लॅटिन शिकणारा मुलगा म्हणाला की होर्शच्या ऐवजी ऑडी ठेवा ना. जर्मनमध्ये 'होर्श' म्हणजे 'ऐक!' आणि लॅटिनमध्ये 'ऑडी' म्हणजेही 'ऐक!' आपण ऑडिओ म्हणतो, ऑडिट म्हणतो, ते त्याच धातूवरून आलेत. आडनावाचं भाषांतर करून ब्रँड झालाय हा, एवढी भारी गोष्ट सोडून लोक चार अक्षरांचा फुल फॉर्म काय पाठ करतात!

'पण लोगोत चार रिंगा आहेत, त्या ऑटो युनियनच्याच ना?' हो, त्याच्याच. ऑडी, डीकेडब्ल्यू, होर्श आणि वांडरर अशा चार कंपन्या एकत्र येऊन ऑटो युनियन झाली, त्यांच्या त्या चार रिंगा. म्हणजे ऑडी त्यातली एक, नाव आधीपासून होतंच, रिंगा नंतर आल्या.

बीएमडब्ल्यू आणि फियाट ही खरोखरच आद्याक्षरांची नावं आहेत, त्यामुळे ऑडीचंही पटून जातं हे मान्य. भाच्याला सांगितलंय, त्या दोन ओळी राहू दे, ऑडीची खोड आणि तिथे 'ऐक' लिही.