हनुवटीवरचं सालपट

गेल्या गुरुवारी, बँकेच्या भर शाखेत, ब्याऐंशी वर्षांच्या एका आजींनी माझी सालटी काढली. सालटी काढणारे साहेब मला नवे नाहीत, पण ते तोंडानं काढतात. आजींनी चिमटीनं काढली. हनुवटीच्या उजव्या बाजूचं चार आण्याएवढं कातडं, टर्रकन. आज सहावा दिवस. तिथं आता तपकिरी ठिपका आहे, आणि हाताखालची कामं टाकून मी दर तासाला तो आरशात बघून येते.

मला वांग आहे, म्हणजे तोंडावर काळपट डाग. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर, म्हणजे लांबून मिशी. सुरुवात दुसऱ्या बाळंतपणात झाली, बाकीचं बँकेनं पुरवलं. वाळवा तालुक्यातल्या आमच्या शाखेत पीककर्ज माझ्याकडं आहे, त्यामुळं अकरा वर्षं मी स्कूटीवरून ऊस बघत फिरतेय. सकाळी काउंटरला गर्दी, म्हणून पाहणी नेहमी दुपारी बारा ते तीन. सूर्यही त्याच वेळी पाहणीला निघतो.

डॉक्टरीणबाईंनी केमिकल पील सुचवला तेव्हा मी बाटलीवरचं नाव वाचलं. ग्लायकॉलिक अ‍ॅसिड, ३५ टक्के. हे कशापासून काढतात, विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "मुळात उसात असतं. आता कारखान्यात रसायनांपासूनच बनवतात, पण मूळ उसाचं." मी खुर्चीतच उठून बसले. ज्या उसापायी तोंड काळं झालं, त्याच उसाच्या भाऊबंदाला पैसे देऊन तोंडाला फासायचं! एका सिटिंगचे २,५००. सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, एफआरपी, २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे सिटिंगला सात क्विंटल ऊस. सहा सिटिंगचे बेचाळीस क्विंटल. बैलगाडीच्या दोन-तीन खेपा मी एकटीनं तोंडावर रिचवणार. शिवाय शेतकऱ्याला बिलासाठी थांबावं लागतं, डॉक्टरांना मात्र आधी द्यावे लागतात. हिशेब नवऱ्याला सांगितला तर तो म्हणाला, "उताऱ्याचं काय?" उतारा म्हणजे उसातून निघणारी साखर. माझा अजून दिसायचाय.

प्रकार असा की चेहरा पुसून घेतात, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन लावतात आणि ब्रशनं अ‍ॅसिड फिरवतात. आधी मुंग्या येतात, मग मिरची लागते. समोर छोटा पंखा. डॉक्टरीणबाई घड्याळ बघत, "अजून एकच मिनिट हं," असं तीन वेळा म्हणतात. शेवटी खायच्या सोड्याचं पाणी मारतात, तेव्हा तोंडावर ढोकळ्याच्या पिठासारखा फेस येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कात टाकायची. ओढायचं नाही, खरवडायचं नाही, आपणहून पडेल ते पडू द्यायचं. "आपली कातडी रागीट," त्या म्हणाल्या. "चिडली की काळी पडते. म्हणून तर मी कमी टक्क्यांनी सुरू करते." आणि सनस्क्रीन दोन बोटांवर ओळ ओढून तेवढं सगळं, दर तीन तासांनी, घरात बसलं तरी. काचेतून येणाऱ्या उन्हातूनही वांग वाढतो म्हणे. माझं टेबल खिडकीला आहे. पंधरा वर्षं नोकरी केल्यावर खिडकी मिळते, हे इथं सांगायला पाहिजे.

या डॉक्टरीणबाईंच्या आधी मी एक गाढवपणा केला होता, तोही सांगून टाकते. भावजयीनं एक ट्यूब दिली. औषधाच्या दुकानात चिठ्ठीबिठ्ठी न मागता मिळाली, दुकानदारानं वर "गोरं करती, मॅडम" असं कौतुकही केलं. पंधरा दिवसांत मी अशी उजळले की साहेबांनी विचारलं, रजेवर होता का? त्यात स्टेरॉइड होतं. आठ महिने लावली. मग चेहरा लाल, हनुवटीला लव, आणि ट्यूब थांबवल्याबरोबर वांग दुप्पट होऊन परत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय असली स्टेरॉइड मलमं विकू नयेत म्हणून २०१८ साली सरकारनं ती 'शेड्यूल एच'मध्ये घातली आहेत. ही ट्यूब मी २०२३ साली घेतली. पहिल्या दोन महिन्यांची डॉक्टरांची फी त्या ट्यूबचे उपकार फेडण्यातच गेली. दुकानदार अजून नमस्कार करतो. मी करत नाही.

तर गुरुवार. पीलचा चौथा दिवस, नोव्हेंबर, म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनवाले सगळे आपण जिवंत असल्याचं सांगायला रांगेत. आजींचा नंबर आला. अंगठा ठेवला, मशीन नाही म्हणालं. ओल्या फडक्यानं पुसून ठेवला, नाही. दुसरा अंगठा, नाही. साठ वर्षं भांगलण आणि राखेनं भांडी, रेषा राहणार कुठून? मग चेहऱ्यानं करायचं ठरलं. आजींना काउंटरपर्यंत वाकवत नव्हतं, म्हणून मी बाहेर आले, त्यांच्या बाकड्यासमोर उकिडवी बसले आणि मोबाईल धरला.

"आजी, इकडं बघा आणि डोळे मिटून उघडा."

"कशाला?"

"जिवंत हाय म्हणून सरकारला कळायला."

"सरकार मला ह्या वयात डोळा मारायला लावतंय व्हय!" रांग हसली. आजी हसल्या नाहीत. त्या मोबाईलकडं बघतच नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. "बाई, तुझं त्वांड कशानं भाजलं गं? त्याल उडालं?"

"नाही आजी, औषध लावलंय."

"कुनी दिलं?"

"डॉक्टरांनी."

"मग त्येला जाऊन सांग की, भाजलंय म्हनून."

"त्यांनीच भाजलंय."

आजींनी हे शांतपणे ऐकून घेतलं. रांगेनं तर फारच शांतपणे. मग त्यांनी विचारलं, "पैशे घेतलं?"

"घेतले."

"किती?"

आयुष्यात काही ठिकाणी खोटं बोलायचं असतं. मी म्हणाले, "पाचशे."

"पाचशे दिऊन भाजून घेतलंस!" आजींनी बांगड्या वर सारल्या आणि मनगट माझ्या नाकासमोर धरलं. तिथं एक जुना, गुळगुळीत, पांढुरका पट्टा होता. "माझ्या सासूनं फुकट भाजलं हुतं. उलथन्यानं." मागचे दोघं-तिघं पुन्हा हसले. मी हसले का नाही ते आठवत नाही. आजी मनगटाकडं नुसतं, घड्याळ बघावं तसं बघत होत्या.

मग म्हणाल्या, "थांब, काय तरी लटकलंय तुझ्या," आणि हात पुढं आला. मशीनला तीनदा प्रयत्न करून न सापडलेला तो अंगठा माझ्या हनुवटीवरच्या सालपटाचं टोक मात्र एका झटक्यात सापडवून बसला. मी "अहो" म्हणेपर्यंत काम झालं होतं. आजींनी ते कातडं उजेडाला धरून पाहिलं, फुंकर मारली आणि समाधानानं डोळे मिटून उघडले. मोबाईलवर हिरवी खूण आली. सरकारनं आजींना जिवंत मानलं.

"निगालं बग," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दिवसभर शाखेत माझी विचारपूस चालली. शिपायानं कोरफड सांगितली, कॅशियरनं "ताण घेऊ नका" सांगितलं. वसुलीचे जाधवभाऊ माझ्याइतकंच ऊन खातात, त्यांच्या कपाळाचा रंग पाटीवरच्या खडूला चालेल, पण त्यांना आजवर कुणी "बरं नाही का?" विचारलेलं नाही. ते रापलेत, म्हणजे कष्टाळू आहेत. मी रापले तर तब्येतीकडं दुर्लक्ष. पाहणीला जाताना बँक पेट्रोलचे पैसे देते. सनस्क्रीनचं बिल लावू का, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा साहेब इतके मनापासून हसले की चष्मा काढून पुसावा लागला. ती नळी ६५० रुपयांची, दोन बोटांच्या हिशेबानं महिनाही पुरत नाही.

डॉक्टरीणबाईंना ठिपक्याचा फोटो पाठवला. "कुणी ओढलं?" असं त्यांनी विचारलं. मी लिहिलं, "एका पेन्शनर ग्राहकानं." त्यावर बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "पुढची सिटिंग तीन आठवडे लांबवू. हा डाग जायला वेळ लागेल." म्हणजे वांग राहिला बाजूला, आता आधी आजी काढायच्या.

काल आजींचा नातू कागदाची पुडी देऊन गेला. आत एक जायफळ. निरोप असा की दुधात उगाळून रात्री लाव, आणि त्या डॉक्टरकडनं पाचशे परत माग.

रविवारी बासुंदी करायचीय, म्हणून जायफळ डब्यात ठेवलंय. निम्मं.