शांतता समिती सणापुरतीच का?

गणेशोत्सव, ईद किंवा एखादी जयंती तोंडावर आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बोलावली जाते. सर्वपक्षीय पदाधिकारी, मंडळांचे अध्यक्ष, दोन-चार मौलाना, डीजेच्या आवाजाबद्दलच्या सूचना, चहा-बिस्किटे आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पुरवणीत छायाचित्र. या बैठका निरुपयोगी असतात, असे मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आल्या, तेव्हा मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने आपला जुलूस एक दिवस पुढे ढकलला आणि राज्य सरकारने सुट्टीही २९ तारखेला दिली. चर्चेने प्रश्न सुटतो, याचा हा चांगला दाखला आहे. पण सण पार पडला की ही समिती कुठे असते, हे तिच्या सदस्यांनाही सांगता येणार नाही.

या संदर्भात भिवंडीचा अनुभव मला फार मोलाचा वाटतो. यंत्रमागांच्या या शहरात १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भीषण दंगल उसळली. १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले. त्यामुळे ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर भिवंडीचे काय होणार, ही भीती सगळ्यांनाच होती. मुंबईत दोन टप्प्यांत झालेल्या दंगलीत ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. भिवंडी मात्र शांत राहिली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तिथे वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. त्यांत दोन्ही समाजांची माणसे होती आणि भर पुढाऱ्यांवर नव्हे, तर सामान्य रहिवाशांवर होता. बैठकीला विषय कोणते? शेजाऱ्याशी झालेली बाचाबाची, शिवीगाळ, म्हणजे ठाण्यात ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्हा) म्हणून नोंदवून विसरली जाणारी प्रकरणे. अशी प्रकरणे वर्षानुवर्षे एकत्र बसून मिटवलेली असली, की अफवा आल्यावर कोणाला विचारायचे हे माणसांना माहीत असते आणि वस्तीत आलेला हवालदारही परका वाटत नाही. सगळे श्रेय पोलिसांना देणेही बरोबर नाही. सूत, माग आणि कापड यांच्या व्यवहारात हिंदू-मुसलमान एकमेकांत इतके गुंतलेले होते, की दंगलीचा हिशेब दोघांनाही परवडणारा नव्हता.

ही घडी कायमची बसली, असे मात्र नाही. २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामाचा वाद चिघळला आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभे राहिलेले काम त्याच्या बदलीनंतर कोण चालवणार, याची तरतूद आपल्या व्यवस्थेत आजही नाही.

आणि हा प्रश्न केवळ हिंदू-मुसलमानांचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, भर आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारण्यात आले. तिथे दोन धर्म नव्हते, मिरवणूक नव्हती, सणही नव्हता. मोबाईलवर फिरणारी एक अफवा होती आणि ‘थांबा, आधी पोलीस येऊ द्या’ हे ज्याच्या तोंडून गावाने ऐकले असते असा माणूस नव्हता. असा माणूस ऐनवेळी नेमता येत नाही. त्याचा शब्द चालायचा, तर त्याआधी लोकांनी त्याला बांधाच्या आणि पाण्याच्या भांडणात निवाडा करताना पाहिलेले असावे लागते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शांतता समितीची यादी ठाण्याच्या फलकावर लावावी, तीत निम्म्या तरी महिला, रिक्षाचालक, दुकानदार आणि शिक्षक असावेत, आणि बैठक दरमहा व्हावी, मग विषय तुंबलेल्या गटाराचा का असेना. अधिकारी बदलला तरी ती चालू राहील, असा लेखी आदेश काढावा. यंदा ज्यांना गणपतीआधी निमंत्रण येईल, त्यांनी दिवाळीनंतरच्या बैठकीची तारीख तिथेच मागून इतिवृत्तात लिहून घ्यावी.